कोजागरी, कातळ आणि भरतीचं गणित

प्रश्न : मी रत्नागिरीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात सांगलीचा एक नवा मित्र झालाय. कोजागरीला त्याच्या बाइकवरून आरे-वारेला जायचं, पाण्यात घुसलेल्या कातळावर बसून रात्र काढायची आणि मध्यरात्री पोहायचं, असा बेत आहे. तो कृष्णेत पट्टीचा पोहतो. माझं गाव राजापूरच्या वर, त्यामुळे मला समुद्राची माहिती नाही. काय सांभाळावं?

उत्तर : जरूर जा, पण वेळ बदला. तुमच्या बेतात चुकलंय ते भरतीचं गणित, आणि ते मच्छीमारांच्या घरी तोंडपाठ असतं : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसाही तीच, रात्रीही तीच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यापासून साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि नेहमीपेक्षा खाली उतरतं.

आता कोजागरीला हे लावून बघा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुकती असते. सूर्यास्ताला पोहोचाल तेव्हा कातळापर्यंत कोरड्या वाळूतून चालत जाता येईल, आणि फसगत इथेच होते. पाणी सहा तास सारखं चढत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, म्हणून ते जागेवरच असल्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मी भरती येते. म्हणजे साडेसात ते साडेनऊच्या मध्ये, गप्पा रंगात आलेल्या असताना, तुमच्या पाठीमागची वाट पाण्याखाली जाते. पुढे समुद्र बघत बसलेल्याला मागचं दिसत नाही. पावसाळ्यानंतर कातळावर शेवाळ असतं आणि त्याखाली कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. घसरलात तर तळवा किंवा गुडघा खोल कापतो. तसं झालंच तर जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, कवचाचा तुकडा आत राहिलाय का बघा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

रात्री पोहणं पूर्ण रद्द करा. मित्राचं पोहणं चांगलं असेल, पण नदीची ओढ एकाच दिशेला असते आणि काठ दोन्हीकडे दिसतो. इथे लाटांनी आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. दिवसा त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या आणि मग वळा. रात्री हा पट्टा ओळखूच येत नाही, आणि बुडणाऱ्याचं डोकंही दिसत नाही. बिअर न्यायचं मनात असेल तर तेही सोडा. महाराष्ट्रात त्यालाही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात.

मग रात्र कशी काढायची? दूध आटवा, अंगणात किंवा गच्चीत जागरण करा, मग दोन-तीन तास झोपा आणि साडेतीन-चारला निघा. तेव्हा ओहोटी असते, ओली घट्ट वाळू लांबवर उघडी पडलेली असते, आणि पौर्णिमेचा चंद्र पहाटे थेट समुद्रात मावळतो. सांगलीकडच्या मुलाने हे पाहिलेलं नसणार. घरी एकाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगून ठेवा, कारण डोंगराच्या आड मोबाइलला रेंज जाते. दोघांनाही हेल्मेट हवं, रस्त्यात गुरं बसलेली असतात. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

प्रश्न : मैत्रिणींबरोबर गुहागरला गेलो होतो. कार वाळूत उतरवली आणि रुतली. नेमकं काय करायला हवं होतं?

उत्तर : मुळात कार किनाऱ्यावर न्यायचीच नाही, बऱ्याच किनाऱ्यांवर त्याला बंदी आहे. रुतलीच तर ॲक्सिलरेटर तिथेच सोडायचा. चाक जागच्या जागी फिरलं की ओल्या वाळूतलं पाणी सुटतं, वाळू पातळ होते आणि गाडी पोटावर बसते. सगळ्यांनी उतरा. चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू हाताने काढा. टायरमधली हवा १८-२० पाउंडांवर आणा, म्हणजे टायर पसरून टेकतो. ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते (लहान गाड्यांत बहुधा पुढची), त्यांच्याखाली माडाच्या झावळ्या किंवा पायपुसणी सारा. स्टिअरिंग सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हळू उचला. भरती चढत असेल तर हे दोनदाच करून बघा आणि लगेच गावातला ट्रॅक्टर बोलवा. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा भरा, आणि त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर ब्रेकपासून गंज धरायला सुरुवात होते.