जांबोटी रस्त्यालगत सापडलेला जड, चकाकणारा दगड चांदीचा असू शकतो का?

बहुधा नाही. चांदी उघड्यावर राहिली की काळी पडते, अशी लखलखत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतले पापुद्रे आणि पोलादी चकाकी बघता मला तो हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज वाटतो.

अगदी असाच दगड आमच्या घरात आहे. १९९८ साली खानापूर तालुक्यात आमच्या शेतात विहीर खोदताना तो बाबांच्या हाती लागला. आप्पा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बघताक्षणी म्हणाले, चांदी! एका सराफाला दाखवला तर तो म्हणाला, अजून असला तर घेऊन या. झालं. बाबांनी बाकीचा माल लपवला असं आप्पांच्या मनानं घेतलं. अंगणात भिंत उभी राहिली. गणपती थोरल्या घरी असायचा, तिथं बाबांचं जाणं सुटलं.

तीन वर्षांनी मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात लागलो. लॅबमधल्या साहेबांनी मला शिकवलं ते असं: फरशीची (टाइलची) मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगड जोरात घासा. चांदीची रेघ पांढरट उमटते, हेमॅटाइटची लाल, वाळल्या रक्तासारखी. आमची लालभडक आली. मग दगड दोऱ्यानं काट्याला टांगून तोलला. हवेत ६२० ग्रॅम, पाण्यात बुडवून ५००. घटलेले १२० ग्रॅम म्हणजे दगडाएवढ्याच पाण्याचं वजन, म्हणून दगड पाण्याच्या साधारण पाचपट जड. चांदी साडेदहा पट असते. कोपरा फोडून हातोडी मारली, तर भुगा झाला. चांदी चपटी होते, तिचा भुगा होत नाही.

हे सगळं मी आप्पांच्या पुढ्यात केलं. "भट्टीवर राबणाऱ्याला चांदी काय कळणार?" एवढंच बोलून ते उठले. २०११ ला बाबा गेले, तोवर आप्पांनी शब्द मागे घेतला नाही. म्हणून सांगतो, दगड आधी सराफाकडे नेऊ नका आणि भावकीत तर मुळीच दाखवू नका. पहिली रेघ फरशीवर, तीही चार माणसांसमोर ओढा.

तुमची रेघ हिरवट काळी आली आणि दगड पितळी पिवळा असला तर तो पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. नखानं पापुद्रा सुटला आणि दगड हलका लागला तर अभ्रक. आत बुडबुड्यांची भोकं दिसली तर ती भट्टीची मळी, म्हणजे धातू वितळवताना उरलेला गाळ. रस्त्याच्या भरावात अशी मळी येऊ शकते.

एक राहिलं. रेघ शिशासारखी करडी आली आणि दगड चौकोनी तुकड्यांत फुटला तर घासणं लगेच थांबवा, ते शिशाचं खनिज असू शकतं. हात धुवा, पोरांच्या हाती देऊ नका. आणि फोटोवरून मी सांगितलं ते पक्कं धरू नका, रेघ ओढूनच बघा.

आमचा दगड अजून बाबांच्या कपाटात आहे, फरशीचा तो तुकडाही. आप्पांच्या मुलानं हे वाचलं तर त्यानं कधीही यावं, मी त्याच्याच हातानं रेघ ओढवून घेतो.