रिकाम्या लायपोसोमचं काय केलंस?

प्रिय पोरी,

तुझा तक्ता काल रात्री दोनदा वाचला. एकीकडे औषध भरलेले लायपोसोम, म्हणजे चरबीचे सूक्ष्म फुगे, दिलेल्या इशिकावा पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी), दुसरीकडे काहीच न दिलेल्या, आणि खाली वाढलेल्या-घटलेल्या प्रथिनांची लांबलचक यादी. मेहनत दिसते. पण रिकामे लायपोसोम दिलेला फ्लास्क कुठे आहे? आणि नुसतं औषध दिलेला?

आपण लायपोसोमला टेम्पो समजतो, माल उतरवला की निघून जाणारा. ब्रिटिश शास्त्रज्ञ अलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या बाब्राहमला लायपोसोमचा अभ्यास केला तो पेशीपटलाची प्रतिकृती म्हणून. औषधाची गाडी ही कल्पना नंतरची; डॉक्सिल या लायपोसोममध्ये भरलेल्या कर्करोगाच्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली १९९५ साली. पण हा टेम्पो स्वतःच चरबीचा आहे. पेशी त्याला गिळते, लायसोसोम नावाच्या आपल्या पचनकोठीत फोडते आणि सुटे भाग घरखर्चाला वापरते. बाहेरून आयतं कोलेस्टेरॉल मिळालं की स्वतःचं बनवणारी एन्झाइम्स ती कमी करते. तुझ्या यादीत तीच एन्झाइम्स घटलेली आहेत आणि शेजारी तू लिहिलंयस, ‘औषधाचा परिणाम’. कशावरून? लायपोसोमचं लिपिड (चरबी) धनभारित असेल तर शंका आणखी वाढते, कारण तसे लायपोसोम रिकामे असले तरी पेशींना त्रास देतात.

माझी फजिती ऐक. बीसीए, म्हणजे रंगावरून प्रथिन मोजायची चाचणी, करून सगळ्या नमुन्यांत सारखं प्रथिन घेतलं, तरी लायपोसोमवाल्यांत झाडून सगळंच घटलेलं. आठवडाभर मी खुशीत. मग सहज एका खणात पेशी न घालता नुसते लायपोसोम टाकले, तर हिरवट द्रावण हळूहळू जांभळं झालं. लिपिड प्रथिनाचं सोंग घेत होतं, आणि मी त्या नमुन्यांत प्रत्यक्षात कमीच प्रथिन भरत होते. तेव्हापासून आधी मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने प्रथिन खाली बसवते, मगच मोजते. त्याने यंत्रातला कॉलम, म्हणजे पेप्टाइड वेगळे करणारी बारीक नळीही चोंदत नाही.

धुण्यात कंजुषी करू नकोस. लायपोसोम माध्यमात घातलेल्या गाईच्या सीरममधली प्रथिनं अंगाला चिकटवून घेतात. गाईच्या आणि माणसाच्या अल्ब्युमिनचे काही पेप्टाइड (प्रथिनाचे तुकडे) तंतोतंत सारखे असतात, म्हणून संगणकावर प्रथिनं ओळखताना गाईच्या प्रथिनांचे क्रमही शोधयादीत घाल, नाहीतर तुझ्या पेशी अल्ब्युमिन बनवायला लागल्याचं जाहीर करशील.

इशिकावा पेशी १९८०च्या दशकात जपानमध्ये एका ३९ वर्षांच्या रुग्णाच्या गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगातून वाढवल्या. त्या इस्ट्रोजेनला दाद देतात, आणि माध्यमाला गुलाबी करणारा फिनॉल रेड थोडासा इस्ट्रोजेनसारखाच वागतो. हॉर्मोनबद्दल काही म्हणायचं असेल तर बिनरंगी माध्यम आणि कोळशाने हॉर्मोन काढून साफ केलेलं सीरम घे. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या असोत की शेजारच्या लॅबमधून मागून, एसटीआर (पेशींची डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची तपासणी करूनच पुढे जा.

आणि हो, एकच फ्लास्क यंत्रात तीनदा चालवला म्हणजे तीन प्रयोग झाले नाहीत. (तुझ्या तक्त्याखालची ती तळटीप मी वाचली आहे.)

आता चार फ्लास्क लाव: काहीच नाही, नुसतं औषध, रिकामे लायपोसोम, भरलेले लायपोसोम. लिपिडची मात्रा शेवटच्या दोघांत सारखी. हेच वेगवेगळ्या दिवशी तीनदा. वेस्टर्न ब्लॉटची (अँटिबॉडीने एकेक प्रथिन पडताळण्याची) घाई नको, अँटिबॉडी महाग पडतात. सध्याच्या पेशींचा पॅसेज नंबर, म्हणजे त्या किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा, मात्र आजच कळव. तुझ्या वहीत तो मला कुठे सापडला नाही.

तुझी,
मॅडम