कचरागाड्या कधी बदलायच्या, किती बदलायच्या: वाचकांचे प्रश्न

नगरपालिकेच्या जुन्या कचरागाड्या या विषयावर यावेळी बरीच पत्रं आलीत, त्यातली निवडक घेतोय.

प्रश्न: आमच्याकडे गाड्या १० वर्षं जुन्या झाल्या म्हणून बदलायचं चाललंय. पण मीटरवर किलोमीटर अगदीच कमी दिसतात. मग हा खर्च कशाला?

उत्तर: किलोमीटरवर जाऊ नका, कचरागाडीच्या बाबतीत तो आकडा सरळ फसवतो. ही गाडी पळते कमी आणि थांबते जास्त, म्हणजे क्लच, पहिला गिअर, ब्रेक, परत क्लच, असं दिवसभर, आणि उभी असली तरी इंजिन चालूच असतं कारण मागे कचरा दाबायला जो हायड्रॉलिक पंप लागतो तो इंजिनावरच फिरतो. गाडीलाइनमधली माणसं ढोबळमानाने एक तास उभ्या इंजिनाला ४० ते ५० किलोमीटरची झीज धरतात. म्हणजे दिवसाला ४० किलोमीटर फिरणारी गाडी ६ तास जागेवर घुरघुरत असेल तर इंजिनाच्या दृष्टीने ती २८० ते ३४० किलोमीटर जाऊन आली. म्हणून इंजिनाचे तास मागा, आणि सोबत वर्कशॉपचं रजिस्टर मागा, गेल्या दोन वर्षांत कुठली गाडी किती दिवस उभी होती ते त्यात असतं (नसेल तर तो वेगळाच प्रॉब्लेम आहे आणि आधी तोच सोडवा).

आणि एकदा स्वतः डेपोत जाऊन गाडीची मागची बाजू बघा. कामगार कचरा टाकतात त्या हौदाच्या तळाला, कडेच्या वेल्डिंगपाशी, कचऱ्याचं पाणी साचून राहतं. ते पाणी आंबट असतं, त्यात मीठ पण असतं, आणि ते पत्रा आतून खातं, बाहेरून मस्त रंग मारलेला असल्यामुळे कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द वाजलं आणि रंगाचा पोपडा पडला तर तिथे आता रंगच उरलाय. मग मागच्या दाराचं रबर बघा, ते कडक होऊन चिरलं असेल तर रस्त्यावर जी काळी धार दिसते ती तिथूनच येते. कचरा दाबणारी फळी हलवून दाखवायला सांगा आणि खडखडाट ऐका, पिना आणि बुश (सांध्यातले खिळे आणि त्यांच्या भोवतीच्या कड्या) झिजले की तो येतोच. फक्त एक, मागचं दार वर उचललेलं असेल तर खालचा सेफ्टी टेकू लावल्याशिवाय कोणीही, अगदी साहेबांनीही, त्याखाली वाकायचं नाही. ते दार तेलाच्या दाबावर उभं असतं, एक पाइप फुटला की संपलं.

ढोबळ हिशोब म्हणाल तर रोज भरपूर वापरलेली कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारी गाडी ७ ते १० वर्षं चालते. पण एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्यांत सुद्धा जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यामुळे नुसत्या वयावर सरसकट काढणं मला पटत नाही.

प्रश्न: मग सगळ्या एकदम बदलाव्या की थोड्या थोड्या? एकदम घेतल्या तर स्वस्त पडतात म्हणे.

उत्तर: घेताना स्वस्त पडतील, पण एकत्र घेतलेल्या गाड्या एकत्रच म्हाताऱ्या होतात आणि मग ८ वर्षांनी पुढच्या लोकांच्या डोक्यावर परत हाच डोंगर. आज तुम्ही ज्यात अडकलाय ते बहुतेक आधीच्या कोणीतरी केलेल्या अशाच एका मोठ्या खरेदीमुळेच. दरवर्षी सातवा-आठवा हिस्सा बदलत गेलं तर बजेटला झटका बसत नाही, आणि पहिल्या लॉटमध्ये काही चुकलं तर दुसऱ्यात सुधारता येतं. मात्र दरवर्षी वेगळ्या कंपनीच्या गाड्या घेतल्या तर स्पेअरचा बोजवारा उडतो, ते सांभाळा. काढलेल्यांपैकी बरी गाडी राखीव ठेवा, १० गाड्यांमागे एखादी तरी राखीव हवीच.

प्रश्न: मोठा कॉम्पॅक्टर घेतला तर फेऱ्या कमी होतील ना?

उत्तर: कचरा कसला आहे त्यावर आहे. पुठ्ठा, प्लास्टिक, पॅकिंग असेल तर दाबून जागा खूप वाचते. ओला कचरा मुळातच जड, तो दाबला की जागेपेक्षा पाणीच जास्त निघतं, आणि गाडी भरायच्या आधीच एक्सलवर वजन जास्त होतं. आधी आठवडाभर भरलेल्या गाड्या वजनकाट्यावर घाला. वजनाची मर्यादा गाठली पण पेटी अर्धीच भरली असं दिसलं तर मोठी पेटी घेऊन तुम्ही हवा वाहून नेणार. शिवाय गल्ली अरुंद असेल तर मोठी गाडी वळणारच नाही हे टेंडर निघाल्यावर कळून उपयोग नसतो.

प्रश्न: इलेक्ट्रिक घ्याव्यात का? नगरसेवक दोन्ही बाजूंनी भांडतायत.

उत्तर: कामाचा प्रकार बघितला तर कचरागाडी इलेक्ट्रिकसाठी अगदी योग्य आहे. रूट ठरलेला, रात्री मुक्काम डेपोतच, आणि सारखं ब्रेक मारणं, जे डिझेलला मारतं, तेच इथे फायद्याचं, कारण ब्रेक मारताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. पहाटे गल्लीत आवाज नाही हा फायदा वेगळा. पण बॅटरीचं वजन टनांत असतं आणि ते कचऱ्याच्या वजनातून वजा होतं, याचा नियम तुमच्याकडे काय आहे तो आधी वाचा. आणि ज्यात लोक हमखास फसतात ते म्हणजे डेपोचं वीज कनेक्शन. गाड्या येऊन उभ्या आणि चार्जिंगला लागणारा वाढीव वीजभार (लोड) मंजूर व्हायचाय, असं होतं. म्हणून पहिला अर्ज वीजवाल्यांकडे, टेंडर नंतर. डेमो घ्याल तेव्हा सगळ्यात चढाचा, सगळ्यात लांबचा रूट द्या, गाडी पूर्ण भरून, आणि ड्रायव्हर तुमचा. कंपनीचा ड्रायव्हर सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी छान चालवतो.

प्रश्न: मी गाडीवर लोडर आहे, म्हणजे कचरा गाडीत भरतो. नवीन गाड्या घेताना आम्हाला कोणी विचारत नाही.

उत्तर: विचारायला पाहिजे, आणि खरेदीच्या आधी. डबा किती उंच उचलावा लागतो, केबिनची पायरी किती उंच आहे, फळी थांबवायचं लाल बटण दोन्ही बाजूंना हाताला येतं का, रिव्हर्स घेताना ड्रायव्हरला मागचा माणूस दिसतो का. गाडी मागे घेताना माणसं चिरडली जातात, त्यामुळे कॅमेरा हा ऑप्शनल आयटम म्हणून यादीतून कापू देऊ नका. युनियन असेल तर हे लेखी द्या, नसेल तर चार-पाच जण मिळून सही करा.

प्रश्न: काढलेल्या गाड्यांचं काय करायचं?

उत्तर: आधी बघा की गेलंय काय. चासी (खालचा सांगाडा) आणि इंजिन ठीक आणि फक्त मागची पेटी सडलेली असेल तर नवी पेटी बसवून गाडी अजून काही वर्षं निघते, लोक हा पर्याय विसरतातच. बाकीच्या लिलावात. हायड्रॉलिक ऑइल आणि बॅटरी रीतसर काढून घ्या, कागदपत्रं खरेदीदाराच्या नावावर झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडू नका, आणि दारावरचं नगरपालिकेचं नाव खरवडून काढा, नाहीतर ती गाडी कुठेतरी राडारोडा टाकताना दिसेल आणि तक्रारीचे फोन तुम्हाला येतील.