दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणारा देश

प्रश्न : भोसरीत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे, चार मशीन. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर, हिंजवडीत दोन वर्षं नोकरी करतेय. आता डब्लिनला डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये एमएससी करायचं म्हणते, प्रवेशही मिळालाय. खर्च तीस लाखांच्या घरात, आणि बँक शेड तारण मागतेय. आयर्लंड एवढासा देश, बाहेरच्या कंपन्यांवर चाललेला. त्या उद्या उठून गेल्या तर? मुलगी म्हणते, जागतिकीकरणानंच तो देश श्रीमंत झाला, बाबा, तुम्हाला कळत नाही. काय करावं?

उत्तर : नमस्कार. मुलीला सांगा, बाबांना कळतं. मोठ्या कंपनीच्या शेड्यूलवर वर्षानुवर्षं चार मशीन चालवणाऱ्या माणसाला आयर्लंड समजायला पुस्तक लागत नाही. तो देशही मोठ्या कंपन्यांच्या कामावर चालणारा एक व्हेंडरच आहे, फक्त मोठा. मोठा म्हणजे तरी किती? २०२२च्या जनगणनेत ५१ लाख लोक. आपला पुणे जिल्हा २०११ सालीच ९४ लाखांचा होता.

पण आधी तिची बाजू. दारं लावून बसायचा प्रयोग त्या देशानं करून पाहिलाय. १९३०च्या दशकात परदेशी मालावर जकाती बसवल्या, सगळं घरीच बनवायचं ठरवलं. पण तीस लाखांच्या आत गिऱ्हाईक असेल तर कारखाना किती चालणार? माल महाग, नोकऱ्या मोजक्या. १९५०च्या दशकात सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली, बरीचशी इंग्लंडात मजुरीला. १९६१ला लोकसंख्या २८ लाखांवर उतरली होती. १९५८मध्ये त्यांच्या अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटाकर यांनी दारं उघडायचा आराखडा मांडला. पुढच्याच वर्षी शॅनन विमानतळालगत करसवलतीचं औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं, १९७३ला युरोपची सामायिक बाजारपेठ मिळाली आणि २००३ला कंपन्यांवरचा कर फक्त १२.५ टक्के झाला. शिवाय शिकलेली, इंग्रजी बोलणारी पोरं. अमेरिकन कंपन्या धावत आल्या. जिथून लोक पोटासाठी बाहेर पडत होते, तिथं आज हिंजवडीतली मुलगी निघालीय, हे काही थोडं नाही.

आता तुमची भीती. लिमरिक नावाचं त्यांचं एक शहर आहे. तिथं डेलचा संगणक जोडणीचा मोठा कारखाना होता. २००९मध्ये कंपनीनं ते काम पोलंडला न्यायचं जाहीर केलं आणि १,९०० नोकऱ्या गेल्या. कामगारांचं काही चुकलं नव्हतं, पोलंड स्वस्त होतं इतकंच. (युरोपीय संघाकडे अशा कामगारांसाठी ‘जागतिकीकरण समायोजन निधी’ आहे, त्यातून त्यांना प्रशिक्षणाची मदत मिळाली. नावच सांगतं की हे घडणार हे त्यांनी गृहीत धरलंय.) आपल्याकडे तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन २०२०च्या डिसेंबरात थांबलं, ते तुम्हाला आठवत असेलच. पण तळेगाव थांबलं तरी चाकण होतं, रांजणगाव होतं. लहान देशाला शेजारचं चाकण नसतं.

याहून विचित्र गोष्ट पैशांची. आयर्लंडचं देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) २०१५ या एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचा आकडा पुढच्या वर्षी आला. रस्त्यावरच्या माणसाचा पगार काही तसा वाढला नव्हता. बड्या कंपन्यांनी आपले पेटंटसारखे स्वामित्व हक्क कागदोपत्री आयर्लंडात हलवले होते. शेवटी त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला देशाचं खरं उत्पन्न मोजायला वेगळं मोजमाप तयार करावं लागलं. तुमच्या शेडमध्ये कुणी दुसऱ्यानं माल आणून ठेवावा आणि बँकेनं तो तुमचा स्टॉक म्हणून धरावा, तसं.

आणि अ‍ॅपलचं प्रकरण तर ऐकण्यासारखं आहे. युरोपीय आयोग म्हणाला, तुम्ही या कंपनीला बेकायदा सवलत दिलीत, १,३०० कोटी युरो कर वसूल करा. आयरिश सरकार कोर्टात गेलं, आम्हाला हे पैसे नकोत म्हणून! सप्टेंबर २०२४मध्ये ते हरले आणि पैसे घ्यावे लागले. हसू येतं, पण विचार करा. मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल थकलं तरी ऑर्डर तुटेल या धाकानं आपण फोन करत नाही ना? दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायची सवय लागली की हक्काचे पैसे मागतानाही जीभ अडखळते.

म्हणून ‘आयर्लंड चांगलं की वाईट’ हे बाजूला ठेवा. मुलीला विचारा, तिथं नोकरी देणारा कोण, आणि तो किती सहज उठून जाऊ शकतो? डब्लिनमधल्या बहुतेक सोशल मीडिया कंपन्यांचा निर्णय अमेरिकेत होतो. २०२२च्या अखेरीस मेटा आणि ट्विटरनं जगभर माणसं कमी केली, तेव्हा डब्लिनलाही कात्री लागली. त्या मानानं गॉलवेतले वैद्यकीय उपकरणांचे आणि कॉर्कजवळचे औषधांचे कारखाने हलवणं अवघड, कारण यंत्रं, परवानग्या, हात बसलेले कामगार. ते कायमचे नाहीत, अमेरिकेचं धोरण फिरलं तर तेही हलतील, पण लॅपटॉप मिटून निघता येत नाही. तिनं अभ्यासक्रम निवडताना उत्पादन आणि गुणवत्ता तपासणीतल्या डेटाचे विषय आहेत का ते पाहावं. भोसरीत वाढलेल्या मुलीला मशीन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, ही तिची जमेची बाजू. मुलाखतीत ती लपवू नये.

राहण्याचं म्हणाल तर डब्लिनमध्ये घरांची भयंकर टंचाई आहे. कंपन्या आल्या, माणसं आली, घरं मागे राहिली. प्रवेश मिळाला म्हणून खोली मिळेल असं नाही. लिमरिक, कॉर्क, गॉलवे इथल्या विद्यापीठांकडे चौकशी केलीय का तिनं? मास्टर्सनंतर नोकरी शोधायला आधी एक वर्ष आणि योग्य नोकरीसाठी प्रयत्न केल्याचं दाखवलं तर आणखी एक वर्ष थांबता येतं, मात्र त्या मुदतीत वर्क परमिटला पात्र ठरणारी नोकरी मिळायला हवी.

कर्जाचं मात्र स्पष्ट सांगतो. शेड तारण ठेवू नका. उद्या ती परत आली आणि पुण्यातल्या पगारावर हप्ता भरता येईल, एवढंच कर्ज तिच्या नावावर घ्या. त्यात बसत नसेल तर वर्षभर हिंजवडीत आणखी पैसे साठवू दे, प्रवेश पुढच्या वर्षी ढकलता येतो का ते विद्यापीठाला ईमेल करून विचारू दे. बऱ्याच ठिकाणी जमतं.

अभ्यासक्रमाची विषयसूची आणि बँकेचं पत्र घेऊन दोघं या. दोघं म्हणजे दोघंच, एकट्यानं नको.