नैसर्गिक सापळा की नैसर्गिक सांगाडा?

ज्या खड्ड्यांत आणि गुहांत पडून सस्तन प्राणी अडकले व पुढे त्यांचे जीवाश्म झाले, अशा ‘नॅचरल ट्रॅप’ला मराठीत ‘नैसर्गिक सापळा’ म्हणावे का, असे कोल्हापुरातील एका भूगोलाच्या शिक्षिकेने विचारले आहे. ‘सापळा’ म्हणजे हाडांचा सांगाडाही होतो, आणि विद्यार्थ्यांच्या मनात ‘दख्खन ट्रॅप’ आधीच बसलेला असतो, ही त्यांची अडचण आहे.

ज्या खडकावर पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर उभे आहेत, त्या दख्खन ट्रॅपच्या नावातला ट्रॅप वेगळा. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आला, कारण लाव्ह्याच्या थरांचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. प्राणी अडकवणाऱ्या गुहा मात्र बहुधा चुनखडीत असतात, कारण कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या पाण्यात चुनखडी विरघळते, आतून पोकळी वाढत जाते आणि एके दिवशी छत कोसळून वर तोंड उघडते.

अमेरिकेत वायोमिंगमध्ये ‘नॅचरल ट्रॅप केव्ह’ याच नावाची गुहा आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे हळदीचे पेव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिचा आकार वेगळा समजावायला नको: तोंड अरुंद, पोट मोठे. फरक इतकाच की ही गुहा सुमारे २५ मीटर खोल आहे, आणि भिंती वरच्या बाजूला आत झुकलेल्या असल्याने पडलेल्या जनावराला चढायला आधारच सापडत नाही. हिमयुगातील घोडे, उंट आणि अमेरिकन चित्ते यांची हाडे तिथल्या गाळात मिळाली आहेत.

लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआत खोल खड्ड्याची गरजच पडली नाही. जमिनीतून झिरपणाऱ्या डांबराचा उथळ थरही पाय धरून ठेवायला पुरत असे. अडकलेल्या जनावराच्या आशेने मांसाहारी येत आणि तेही रुतत, म्हणून तिथल्या मोठ्या सस्तन प्राण्यांत सुमारे ९० टक्के मांसाहारी आहेत. (स्पॅनिशमध्ये ‘ला ब्रेआ’ म्हणजेच डांबर, तेव्हा ‘ला ब्रेआ टार पिट्स’ हे नाव आपल्या ‘गाईचे गोमूत्र’च्या जातीचे.)

सापळा कोणीतरी लावावा लागतो, हा आक्षेप ‘नैसर्गिक’ या विशेषणाने मिटतो. प्रश्न उरतो तो दुसऱ्या अर्थाचा. साउथ डकोटातील हॉट स्प्रिंग्स येथे १९७४ साली सापडलेल्या, जमीन खचून झालेल्या खळग्यातून ६० हून अधिक मॅमथचे अवशेष निघाले. त्याबद्दल ‘सापळ्यात सापळे मिळाले’ असे लिहिले तर व्याकरण चुकत नाही, पण वाचक अडखळतो. म्हणून माझ्या मते अडकवणाऱ्या जागेसाठी ‘नैसर्गिक सापळा’ खुशाल वापरावा आणि हाडांसाठी ‘सांगाडा’ हाच शब्द ठेवावा.