सुवर्णमुद्रिका नव्हे, ध्वनिमुद्रिका

प्रश्न : व्हॉयेजर यानांवरच्या ‘गोल्डन रेकॉर्ड’ला मराठी लेखांत कुठे ‘सोन्याची तबकडी’ म्हणतात, कुठे ‘सुवर्णमुद्रिका’. यातलं बरोबर काय?

दोन्ही चूक. ‘सोन्याची’ हे तर इतक्यांदा कानांवर पडतं की आता चीड येते. 1977 साली 20 ऑगस्टला व्हॉयेजर 2 आणि 5 सप्टेंबरला व्हॉयेजर 1 सुटलं. कधी परग्रहवासीयांच्या हाती लागलीच तर म्हणून नासाच्या या दोन्ही अवकाशयानांवर बसवलेली, पृथ्वीवरचे आवाज भरलेली बारा इंची रेकॉर्ड तांब्याची आहे, वर सोन्याचा मुलामा. मुलाम्याचा दागिना सोन्याचा म्हणून विकणाऱ्या सराफाची पायरी आपण पुन्हा चढू का? मग लिहिताना ही सूट कशाला? त्याआधीच्या पायोनियर 10 आणि 11 या यानांवरच्या फलकाचीही तीच गत. तो ॲल्युमिनियमचा, सोनेरी झिलईचा, आयताकृती, आणि त्यात आवाज औषधालाही नाही. तरी त्यालासुद्धा ‘सोन्याची तबकडी’ म्हणून लोक मोकळे होतात.

‘तबकडी’ शब्द वाईट नाही. अरबी ‘तबक’चं आपण केलेलं लाडकं रूप आहे ते. पण परग्रहवासीयांचा विषय निघाला की मराठी वाचकाला आधी ‘उडती तबकडी’च आठवते. आपण पाठवलेल्या वस्तूला आणि त्यांच्या कल्पित वाहनाला एकच नाव देऊन गोंधळ का वाढवायचा?

‘सुवर्णमुद्रिका’ म्हणजे सोन्याची अंगठी. मारुतीने अशोकवनात सीतेच्या हाती दिली ती रामाची मुद्रिका. ‘ध्वनि’ गाळला की रेकॉर्डची अंगठी होते, एवढंही ज्यांच्या ध्यानात येत नाही त्यांनी समास करू नयेत.

ध्वनिमुद्रिका म्हणा. अंगठीलाच ‘मुद्रिका’ का म्हणतात, हे पाहिलं की या शब्दाची खरी गंमत कळते. तिच्यावर नाव कोरलेलं असे आणि ती मेणावर किंवा मातीवर दाबली की ठसा उमटे. निरोप कोणाचा, हे त्या ठशावरून कळे. मारुतीकडची मुद्रिका रामनामांकित होती, म्हणून तर अनोळखी दूतावर सीतेचा विश्वास बसला.

आता ‘मुद्रा’. जुने टीकाकार ‘मुदं राति’, म्हणजे मोद देते ती, अशी फोड करतात आणि आपले लोक ती निमूटपणे उतरवून घेतात. मला ती साफ अमान्य आहे. शिक्का वसुलीच्या हुकुमावरही असतो, त्याने कोणाला मोद होतो? हा शब्द इराणी भाषांकडून आपल्याकडे आला, असं मानणाऱ्या अभ्यासकांच्या बाजूचा मी आहे. फारसीत त्याचा जोडीदार जिवंत आहे : ‘मुह्र’, आपली मोहर! जोडाक्षरातल्या ‘र’च्या आधीचं व्यंजन झिजून फारसीत ‘ह’ उरतो. संस्कृत ‘चित्र’ आणि ‘चेहरा’, ‘मित्र’ आणि मेहेरबानीतला ‘मेहेर’, तसेच ‘मुद्रा’ आणि ‘मोहर’. या तीन जोड्या शेजारीशेजारी मांडून पाहा आणि मग ‘मुदं राति’ म्हणून दाखवा. शिवाजी महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेत ‘मुद्रा भद्राय राजते’ असं कोरलं होतं आणि व्यवहारात मोहरा चालत होत्या. एकाच घरातले हे दोन शब्द दोन वाटांनी येऊन महाराष्ट्रात पुन्हा भेटले.

व्हॉयेजरच्या रेकॉर्डला हे नाव किती चपखल बसतं पाहा. तिच्या ॲल्युमिनियमच्या वेष्टनावर एक आकृती कोरली आहे : 14 पल्सार ताऱ्यांच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओलहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, संदर्भाने दाखवलेली सूर्याची जागा. पाठवणाऱ्याचा पत्ताच तो. निरोप कधीचा आहे हे कळावं म्हणून त्याच वेष्टनावर युरेनियम 238 चा थर दिला आहे. त्याचं निम्मं प्रमाण घटायला साडेचार अब्ज वर्षं लागतात, म्हणजे किती उरलं ते मोजून काळ काढता येतो. कोण, कुठून, कधी, हे सांगणारी ती मोहर. आत 55 भाषांतल्या शुभेच्छा. त्यांत मराठीही आहे, आणि ती ‘नमस्कार’नेच सुरू होते.

आणि गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राऊन या संगीताभ्यासकाने तिचा आग्रह धरला, पण ती रेकॉर्ड बाजारातून केव्हाच गेली होती. शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात प्रती सापडल्या. म्हणजे ही भैरवी एका ध्वनिमुद्रिकेवरून दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेवर गेली आहे. व्हॉयेजर 1 सुटलं आणि 16 सप्टेंबर 1977 ला, दोनच आठवड्यांच्या आत, केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज ‘तबकडी’त कोंबू नका, ही माझी कळकळीची विनंती.

‘सोनं’ लिहायचंच असेल तर ‘सुवर्णलेपित ध्वनिमुद्रिका’ लिहा.

जाता जाता आणखी एक. गुरूच्या युरोपा या चंद्राकडे 14 ऑक्टोबर 2024 ला निघालेल्या नासाच्या युरोपा क्लिपर यानावर 26 लाखांहून अधिक लोकांची नावं एका छोट्याशा चिपवर गेली, तेव्हा ‘नावे छापली’ असं वाचावं लागलं. छापायला ठसा लागतो. इथे इलेक्ट्रॉनांच्या झोताने एकेक अक्षर केसाच्या जाडीच्या किती तरी पट बारीक रेघांनी काढलं आहे. तिथे ‘कोरली’ लिहा.