“थांबलास का? लिही ना”

“मॅडम, माझा विश्वासच कमी पडला का हो?”

कर्करुग्ण आणि त्यांचं सगळं करणारी घरची माणसं यांच्यासाठी जी ख्रिस्ती साधना-शिबिरं होतात, तिथे मी समुपदेशक म्हणून जाते. तीन दिवस मनन, मौन, प्रार्थना, मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. मधल्या वेळात ज्याला वाटेल त्याने माझ्याजवळ येऊन बसायचं. हा प्रश्न मला प्रत्येक शिबिरात ऐकू येतो. कुणी विचारतं, कुठलं पाप नडलं? कुणी म्हणतं, अमक्याची गाठ प्रार्थनेने गेली, मग माझी का नाही? म्हणून एका मायलेकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि पुष्कळ बोलणं थोडक्यात आणलं आहे.

आई साठीच्या पुढच्या. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलेला. मुलगा चाळिशीचा, दोन वर्षं औषधांच्या वेळा, रिपोर्टांची फाइल, रात्रीची जागरणं, सगळं त्याच्याकडे. पहिल्या भेटीत मी आईंना विचारलं, “सध्या कशाची काळजी वाटते?” त्या बोलणार, इतक्यात मुलगाच म्हणाला, “तिला कसली काळजी नाही. आमचा विश्वास आहे.” आईंनी मान हलवली आणि खिडकीकडे बघत बसल्या.

मग दोघांना वेगवेगळं भेटले. आई म्हणाल्या, “रात्री हाडं ठणकायला लागली की मी देवावर चिडते. विश्वासाचं माणूस असं चिडतं का?”

“चिडलात हे त्याला सांगितलंत का?”

“देवाला? नाही बाई!”

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी सगळ्यांना प्रार्थनेला बसवतो, पण माझी आतून बंद झालीय. एका रात्री मनात आलं, देवा, सोडव तिला. आणि लगेच वाटलं, मी तिची सुटका मागतोय की माझी?”

दोघंही एकाच भीतीने दोन खोल्यांत जागी होती. एकमेकांना ते कळू नये म्हणून मध्ये विश्वासाचा पडदा ओढला होता. माझ्या अनुभवात हे फार घडतं. आजारी माणूस घरच्यांना जपतं, घरचे आजाऱ्याला जपतात आणि बोलायचं ते कुणीच बोलत नाही. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणारं ठिकाण, सुरू केलं. दुखणं शरीरापुरतं नसतं, मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचं दुखणंही त्यातच मिसळलेलं असतं, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं. माझी सगळी भिस्त त्या विचारावर आहे. नुसतं “श्रद्धा ठेवा” म्हणणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. दीडशे स्तोत्रांमध्ये देवाकडे केलेली गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. पण बहुतेकांच्या शेवटी आशेची एखादी ओळ येते. या स्तोत्रात ती येत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. वाचून झाल्यावर मी प्रत्येकाला कोरा कागद दिला. देवाजवळचं आपलं गाऱ्हाणं चार ओळींत लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. रुग्ण एका बाजूला, घरची माणसं दुसऱ्या बाजूला, अशी माझी आखणी होती.

आईंच्या हातून पेन दोनदा खाली पडलं. केमोने बोटं बधिर झाली होती. मी उठलेच होते, “मी लिहून घेते” म्हणणार होते. पण पलीकडून मुलगा उठताना दिसला आणि मी पुन्हा खाली बसले. इतक्या वर्षांच्या कामात जी काही मोजकी पावलं मला अचूक सुचली, त्यातलं हे एक.

तो शेजारी बसला. आई सांगू लागल्या, “लिही. देवा, मरणाची मला भीती नाही वाटत. भीती वाटते ती याच्या तोंडाकडे बघायची.”

पेन थबकलं.

“थांबलास का? लिही ना. याला किती दिवस हसायला लावणार आहेस? मी मेल्यावर तरी याला रडू देशील का?”

त्याने शब्दन् शब्द लिहिला. मग कुणी न सांगता कागदाच्या तळाशी स्वतःची एक ओळ लिहिली. आईंनी विचारलं, “काय लिहिलंस?”

“देवा, मी दमलोय.”

“एवढंच?” आई म्हणाल्या. “मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलायस.”

पुढची वीस मिनिटं मी काही बोलले नाही. त्यांनाही माझी गरज नव्हती. रुग्ण आणि काळजीवाहक यांना मोकळं व्हायला वेगवेगळी जागा हवी, असं मी तोवर धरून चालले होते. तशी जागा हवीच. पण तिथे जे मोकळं होतं ते शेवटी ज्याच्यापासून लपवलं त्याच्यापर्यंत पोचायला हवं, हे मला त्या संध्याकाळी उमगलं.

आता विश्वास कमी पडला का, या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. येशूचा प्रेषित पौल याने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं एक दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल का? खुद्द येशूने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं, आणि मित्रांकडे इतकंच मागितलं की माझ्याबरोबर जागे राहा. तेव्हा बरं न होणं हा विश्वासाच्या परीक्षेचा निकाल नव्हे. चिडून देवाशी बोलणारा माणूस अजून त्याच्याशीच बोलत असतो.

घरच्यांना माझं सांगणं आहे की “असं बोलू नकोस” हे वाक्य टाळा. “आणखी काय वाटतं?” एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बायबलमधल्या संकटांनी घेरलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते तोवर ठीक होते. कारणं सांगू लागले तिथे बिघडलं. आणि स्वतः दमलात तर झोपा. संदेष्टा एलिया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने प्रवचन दिलं नाही, दोनदा उठवून खायला दिलं. कॅथलिकांच्या 1983 च्या धर्मसंहितेत कम्युनियनपूर्वी, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद घेण्यापूर्वी, तासभर काही न खाण्याच्या नियमातून आजारी माणसांना सूट आहे, आणि त्यांच्याबरोबरच त्यांची सेवा करणाऱ्यांनाही. हे सांगितलं की कितीतरी डोळे भरून येतात.

शिबिराला यायचं तर आधी डॉक्टरांना विचारा. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा गर्दी टाळा. ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला तर प्रार्थना संपायची वाट बघू नका, लगेच रुग्णालयाला कळवा. उपास करू नका. आणि प्रार्थनेच्या भरवशावर औषध सोडायला कुणी सांगितलं, तर तो माणूस कितीही भक्तिमान असो, त्याचं ऐकू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजाऱ्यांना पवित्र तेल लावलं. 1972 मध्ये या संस्काराचा विधी नव्याने आखला गेला. तो फक्त अखेरच्या घटकेचा नाही, तरी आई आदल्या दिवशीपर्यंत त्याला घाबरत होत्या. आता मुलाचा हात धरून पुढे गेल्या. परत आल्यावर मात्र गोळी घ्यायला तयार होईनात. “नंतर घेते.” “आत्ता घे.” “नंतर म्हटलं ना!” आणि तो सगळ्यांदेखत आवाज चढवून चिडला, “आई, रोज रोज तेच काय चालवलंयस तू!” मग घाबरून माझ्याकडे बघितलं. आई मात्र हसत होत्या. हात पुढे करून म्हणाल्या, “दे इकडे. दोन वर्षांनी माझ्यावर ओरडलास बघ.”